घरच्या व्हिडिओत फोटो अंधुक का दिसतात आणि ते स्वच्छ कसे ठेवायचे

आजीचं सहस्रचंद्रदर्शन असो, बाबांची पंचाहत्तरी असो, की नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होणाऱ्या काकांचा समारंभ; फोटो आणि गाणी जोडून केलेली दहा-पंधरा मिनिटांची फिल्म हॉलमध्ये लावायची हे आता ठरूनच गेलं आहे. ती फिल्म बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी करतं. गाणं विचारपूर्वक निवडलेलं असतं, फोटोंचा क्रम जीव ओतून लावलेला असतो, आणि मोठ्या पडद्यावर मात्र चेहरे पुसट दिसतात. तोच फोटो मोबाइलवर लख्ख असतो.

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. अल्बममधून किंवा फोनमधून निघालेला फोटो पडद्यावर पोचेपर्यंत त्याचा आकार पाच-सहा ठिकाणी बदलला जातो: व्हॉट्सअॅप बदलतं, स्कॅनर बदलतो, एडिटिंगचा प्रोग्रॅम बदलतो, एक्सपोर्ट करताना बदलतो, शेवटी प्रोजेक्टर बदलतो. दर वेळी थोडी धार जाते, आणि एकदा गेलेली धार ‘शार्पन’चं बटण दाबून परत येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझं एकच सांगणं आहे. फोटोचा आकार शक्य तितक्या कमी वेळा बदलू द्यायचा, आणि जिथे बदलावाच लागेल तिथे तो आपण स्वतः, हिशेब करून बदलायचा.

पहिली पायरी: फिल्म कुठे दिसणार ते आधी ठरवा

प्रोग्रॅम उघडायच्या आधी हॉलवाल्याला फोन करा आणि विचारा, पडदा कसला आहे? प्रोजेक्टर, एलईडी वॉल की मोठा टीव्ही?

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सल, एकूण २० लाख ७३ हजार ६००. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख. नवशिक्यांना वाटतं, फोर-केमध्ये फिल्म केली की आपोआप स्वच्छ दिसेल. पण हॉलमधले कितीतरी प्रोजेक्टर मुळात १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० पिक्सलचेच असतात. एलईडी वॉलचंही तसंच. वॉल ‘पी-३’ असेल तर तिच्या दोन दिव्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर असतं. बारा फूट रुंदीची वॉल म्हणजे ३६५८ मिलिमीटर. भागिले तीन, म्हणजे आडवे साधारण १२१९ पिक्सल. झालं. यापलीकडे ती वॉल काही दाखवूच शकत नाही.

त्यामुळे घरच्या फिल्मसाठी माझा कौल फुल एचडीला. फिल्म मुख्यतः घरच्या फोर-के टीव्हीवर किंवा यूट्यूबवर बघितली जाणार असेल, तुमच्याकडचे बहुतेक फोटो मोठे असतील आणि लॅपटॉपला तेवढं झेपत असेल, तरच फोर-केच्या वाटेला जा.

फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्या आकड्याचा, घोळ घालू नका. फोनवरच्या क्लिप्सही टाकणार असाल तर ३०, कारण बहुतेक फोन ३०नेच चित्रित करतात. जुन्या कॅमकॉर्डरच्या कॅसेटवरून उतरवलेलं फुटेज असेल तर २५. नुसते फोटो असतील तर दोन्ही चालतं.

आणि एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके तो आकडा. व्हिडिओला डीपीआय कळत नाही. १८०० × १२०० पिक्सलचा फोटो ७२ डीपीआयचा म्हणून नोंदलेला असो की ३०० डीपीआयचा, पडद्यावर तो अगदी सारखाच दिसतो. हा आकडा फक्त स्कॅन करताना कामाचा. तिथे तो फार कामाचा आहे, पण त्यावर पुढे येतो.

दुसरी पायरी: फोटो गोळा करताना

निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

आत्या सातपूरला, मामेबहीण पुण्याला, चुलतभाऊ दुबईला. तुम्ही फॅमिली ग्रुपवर लिहिता, “आजीचे फोटो पाठवा”, आणि तासाभरात ढिगाने फोटो येतात. ते सगळे दाबलेले असतात. फोनने काढलेला १२ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० पिक्सल. व्हॉट्सअॅपने नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सलवर येते आणि वर कॉम्प्रेशनही होतं. २०२३ पासून तिथे एचडीचा पर्याय आहे. तो बरा, पण तोही मूळ फोटो नव्हे.

मूळ फोटो हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायचा. नातेवाइकांना नुसतं ‘ओरिजिनल पाठवा’ म्हणून उपयोग नाही, नेमकं काय करायचं ते सांगावं लागतं. मी असा मेसेज पाठवतो, तुम्हीही हाच वापरा:

“फोटो गॅलरीतून पाठवू नका. चॅटमध्ये पिनची खूण दाबा, त्यात ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून फोटो निवडून पाठवा. जास्त फोटो असतील तर गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका. दुसऱ्याकडून फॉरवर्ड होऊन आलेला फोटो असेल तर तो मुळात कुणी काढला तेवढं फक्त कळवा.”

शेवटच्या वाक्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. एकच फोटो चार जणांकडून येतो आणि चौघांकडेही दाबलेलीच प्रत असते. ज्याच्या फोनने तो काढला, त्याच्याकडे मात्र तो अजूनही धडधाकट पडून असतो. अँड्रॉइड फोनमधून आलेल्या फाइलच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ ही इंग्रजी अक्षरं दिसली तर ती व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली प्रत आहे असं समजा, आणि मुळाचा माग काढा.

आलेला प्रत्येक फोटो संगणकावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये बघा. पिक्सलची रुंदी आणि उंची तिथे मिळते. किलोबाइट-मेगाबाइटच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. साध्या आकाशाचा मोठा फोटोही कमी जागा घेतो.

दोन किरकोळ अडचणी इथेच उरकून घेऊ. आयफोनचे फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात येतात आणि काही प्रोग्रॅम ते उघडत नाहीत, तेव्हा ते आधी जेपीजी करून घ्या, क्वालिटी ९५च्या आसपास ठेवून. आणि लग्नपत्रिकेची किंवा फ्लेक्सची फाइल छापखान्याकडून आली असेल तर ती छपाईच्या रंगपद्धतीत, म्हणजे सीएमवायकेमध्ये असते. ती व्हिडिओत भलत्याच रंगात दिसते किंवा उघडतच नाही. छापखान्यातच सांगा, आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, पीएनजी काढून द्या.

तिसरी पायरी: जुने फोटो

घरच्या फिल्मचा खरा जीव जुन्या फोटोंत असतो. काळारामाच्या दारात काढलेला लग्नानंतरचा पहिला फोटो, २००३च्या सिंहस्थात रामकुंडावर सगळं कुटुंब, देवळालीच्या स्टुडिओत पडद्यासमोर उभे असलेले आजोबा. हे फोटो पुन्हा काढता येणार नाहीत, म्हणून इथे वेळ द्या.

स्कॅनिंगचं गणित सोपं आहे. इंचाला किती ठिपके घ्यायचे, तो आकडा म्हणजे डीपीआय. ४ × ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर १२०० × १८०० पिक्सल मिळतात, म्हणजे फुल एचडीलाही किंचित कमीच. ६०० डीपीआयला २४०० × ३६०० मिळतात, म्हणजे झूम करायला जागा राहते. साठच्या दशकातले नक्षीदार कातरलेल्या कडांचे छोटे कृष्णधवल फोटो असतात ना, अडीच बाय साडेतीन इंचांचे, ते १२०० डीपीआयला घ्या: ३००० × ४२००. पासपोर्ट आकाराचा फोटोही १२००लाच. त्यापुढे आकडा वाढवण्यात अर्थ नाही, कारण कागदावरच्या फोटोत मुळात तेवढा तपशील नसतो. फाइल तेवढी फुगते.

घरी स्कॅनर नसेल तर नाशिकात सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, किंवा कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात जाल. तिथे कागदपत्रं स्कॅन करायची सवय असते, त्यामुळे न सांगता दिलं तर कमी डीपीआयची पीडीएफ हातात पडते. काउंटरवर स्पष्ट सांगायचं: “रंगीत, ६०० डीपीआय, जेपीजी हवं, पीडीएफ नको.” कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीतच स्कॅन करून घ्या, डाग नीट करताना उपयोग होतो. काच आधी मऊ कापडाने पुसायला सांगा आणि ‘ऑटो एन्हान्स’ बंद करायला लावा. ते काळ्या केसांचा नुसता काळा गोळा करून टाकतं.

घरात निगेटिव्ह शिल्लक असतील तर ती शोधाच. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते. २४०० डीपीआयला तिच्यातून साधारण २२६८ × ३४०२ पिक्सल निघतात, आणि प्रिंट करताना हरवलेला तपशीलही त्यात असतो. साध्या स्कॅनरवर मात्र निगेटिव्ह होत नाही, मागून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. जुन्या फोटो स्टुडिओत विचारून बघा.

एका प्रकारच्या फोटोंना मात्र स्कॅनर मानवत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात ‘सिल्क’ कागदावर प्रिंट काढायची पद्धत होती. त्या कागदावर मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक उठावदार नक्षी असते. स्कॅनरचा दिवा एका बाजूने सरकतो, त्यामुळे प्रत्येक खळगीची एक कड चमकते आणि चेहऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी उमटते. व्हिडिओत झूम केलं की ती जाळी वळवळायला लागते. असे फोटो स्कॅन न करता कॅमेऱ्याने काढा.

कसे? घरात व्हरांडा किंवा मोठी खिडकी असेल आणि ऊन थेट येत नसेल अशी वेळ साधा. फोटो भिंतीला टेकवून उभा करा, किंवा टेबलावर सपाट ठेवा. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा यावा. एका बाजूला खिडकी असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा धरा. फोनचा मुख्य कॅमेरा वापरा, वाइड नको. फोन हातभर अंतरावर आणि फोटोला अगदी समांतर ठेवा. अगदी जवळ गेलात तर कडा मऊ पडतात आणि तुमचीच सावली येते. चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, फोन कशाला तरी टेकवा. ब्यूटी आणि पोर्ट्रेट मोड बंद. आणि या सगळ्याच्या आधी लेन्स पुसा. कितीतरी अंधुक फोटोंचं कारण लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा असतो.

अल्बमच्या प्लास्टिकला किंवा फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर तो ओढून काढू नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने चिकटलेला फोटो ओढला की वरचा थर काचेवर राहतो आणि चेहरा गेलाच. काचेसकटच फोटो काढा. समोर गडद रंगाचं कापड धरलं आणि त्यातल्या छोट्या भोकातून फोन रोखला तर काचेत प्रतिबिंब येत नाही.

आता एआयबद्दल. एका क्लिकमध्ये जुना चेहरा ‘एचडी’ करून देणारी अॅप्स बरीच आहेत. त्यांतली बरीच अॅप्स अंधुक चेहऱ्याच्या जागी अंदाजाने एक नवा चेहरा रंगवतात. डोळे टपोरे होतात, त्वचा गुळगुळीत होते, आणि ती व्यक्ती दुसरीच कुणी वाटते. इमारती, कपडे, झाडं यांना ही साधनं वापरायला माझी ना नाही. पण पणजीचा तो एकच फोटो असेल तर तिच्या चेहऱ्याला हात लावू नका. तिला ओळखणारी माणसं समोर बसलेली असणार आहेत. त्यांना अंधुक का होईना, पण तीच पाहिजे असते.

चौथी पायरी: हिशेब

एक फोटो घेऊन बघू. २०१९च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर. नाशिककर पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात: कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. पुलावरून काढलेला तुमचा फोटो आहे, ४००० × ३००० पिक्सलचा. फिल्ममध्ये तुम्हाला आधी सगळी नदी दाखवायची आहे आणि मग हळूहळू मारुतीच्या छातीशी लागलेल्या पाण्यापर्यंत झूम करायचं आहे.

सगळी नदी दाखवताना ४००० पिक्सल १९२० मध्ये बसतात, काहीच अडचण नाही. झूमच्या शेवटी मात्र मारुती आणि आजूबाजूचं पाणी, म्हणजे फोटोच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग, पडदाभर येणार. ४०००चा एक तृतीयांश १३३३. तेवढे पिक्सल १९२० च्या जागी ताणायचे म्हणजे जवळजवळ दीडपट ताण. इथे फोटो फाटतो. झूम कुठे थांबवायचं? जो भाग शेवटी पडदाभर दिसणार आहे त्याची रुंदी निदान १९२० पिक्सल असेल तिथे, म्हणजे या फोटोत साधारण निम्म्या रुंदीवर. आणि हाच फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला १६०० × १२०० असेल तर झूम सोडाच, तो न हलवता पडदाभर दाखवायलाही पिक्सल कमी पडतात.

हा एकच नियम पाठ करा: झूमच्या शेवटच्या चौकटीत फोटोचे मूळ पिक्सल प्रोजेक्टच्या पिक्सलपेक्षा कमी पडता कामा नयेत.

छोटा फोटो असेल तर तो पडदाभर करूच नका. ८०० × ६००चा फोटो शांत रंगाच्या पार्श्वभूमीवर आहे त्याच आकारात ठेवा, बारीक पांढरी कड द्या, शेजारी दुसरा छोटा फोटो ठेवा किंवा साल आणि गावाचं नाव लिहा. अल्बमचं पान बघितल्यासारखं छान दिसतं आणि चेहरे स्वच्छ राहतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारतानाचा हललेला फोटो असतो तोही असाच लहान करून वापरा. हललेला फोटो कुठल्याही साधनाने स्थिर होत नाही, पण लहान आकारात त्याचा जोश छान पोचतो.

उलटी चूकही होते, आणि तिचं कारण चटकन लक्षात येत नाही. ६००० × ४०००चा कॅमेऱ्याचा फोटो तसाच टाइमलाइनवर टाकला तर प्रोग्रॅमला तो तिपटीहून जास्त लहान करावा लागतो. काही प्रोग्रॅम हे काम घाईत करतात. मग येवल्याच्या पैठणीचा काठ, चटईची वीण, खिडकीचे गज, पिकलेले केस अशा बारीक रेघांवर पॅन करताना, म्हणजे चौकट फोटोवरून सरकवताना, किडे वळवळल्यागत चमचम होते. अशा वेळी फोटो जास्त ‘शार्प’ करून उपयोग नाही, तो आधी नीट लहान करावा लागतो.

म्हणून मोठे फोटो आधी तयार करून घ्या. स्थिर दिसणाऱ्या फोटोची रुंदी १९२० पिक्सल. दीडपट झूम असेल तर १९२० गुणिले दीड, म्हणजे २८८०. दुप्पट असेल तर ३८४०. जिम्प हा मोफत प्रोग्रॅम यासाठी पुरेसा आहे. ‘इमेज’ मेन्यूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी लिहा, उंची आपोआप येते, इंटरपोलेशनच्या यादीत ‘लोहेलो’ निवडा, लहान करताना ते चांगलं काम करतं. त्यानंतर, आणि त्यानंतरच, ‘अनशार्प मास्क’ हलक्या हाताने: रेडियस १च्या आत, अमाउंट ०.५च्या आसपास. चेहऱ्याच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की जास्त झालं, मागे या. फाइल पीएनजी किंवा ९५ क्वालिटीच्या जेपीजीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका. जेपीजी बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते.

उभ्या फोटोंचं काय? ३ × ४ प्रमाणातला उभा फोटो पूर्ण दाखवला तर १०८० उंचीच्या पडद्यावर त्याला रुंदी मिळते फक्त ८१० पिक्सल, आणि दोन्ही बाजूंना काळं. बाजूंना त्याच फोटोची अंधुक प्रत भरायची पद्धत आहे, ती चालेल. मला त्यापेक्षा खालून वर पॅन आवडतो. फोटो १९२० रुंद केला की उंची २५६० होते. पदराच्या काठापासून सुरू करून चेहऱ्यावर थांबा.

पाचवी पायरी: प्रोग्रॅममधले सापळे

प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, पहिला फोटो टाकायच्या आधी, आकार आणि फ्रेम रेट स्वतः भरा. शॉटकटमध्ये हे ‘सेटिंग्ज’मधल्या ‘व्हिडिओ मोड’ला असतं. डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या ‘मास्टर सेटिंग्ज’मध्ये, तिथे फ्रेम रेट नंतर बदलता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच. आपोआपवर सोडलं आणि पहिली क्लिप व्हॉट्सअॅपवरचा लहानसा व्हिडिओ असली तर काही प्रोग्रॅम अख्खा प्रोजेक्टच त्या मापाचा करून टाकतात. मग पुढे कितीही चांगला फोटो टाका, फरक पडत नाही.

प्रीमियर वापरणाऱ्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. ‘स्केल टू फ्रेम साइझ’ हा पर्याय फोटो आधी प्रोजेक्टच्या मापाचा लहान करतो आणि मग झूम त्या लहान प्रतीवर होतं. ‘सेट टू फ्रेम साइझ’ मात्र मूळ पिक्सल राखतो आणि फक्त स्केलचा आकडा बदलतो. झूम करायचं असेल तर नेहमी दुसरा. रिझॉल्व्हच्या एडिट पानावरचं झूम मूळ फोटोवरूनच होतं. तिथली भानगड वेगळी: ओळीने नंबर असलेले फोटो ते एकाच क्लिपमध्ये गुंडाळतं आणि तुमचे चाळीस फोटो दीड सेकंदात पळून जातात. मीडिया पूलच्या मेन्यूत ‘फ्रेम डिस्प्ले मोड’ ‘इंडिव्हिज्युअल’ करा.

तुम्ही मोबाइलवरचं एखादं अॅप वापरत असाल तर ते आतल्या आत काय करतं हे मेन्यूत लिहिलेलं नसतं. मग परीक्षा घ्या. बारीक अक्षरांचा एखादा मोठा फोटो घ्या, वर्तमानपत्राच्या पानाचा चालेल. तो टाइमलाइनवर टाकून दुप्पट झूम करा, दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, आणि त्यातली अक्षरं मूळ फोटोत झूम करून दिसणाऱ्या अक्षरांशी ताडून बघा. मूळात वाचता येतं आणि व्हिडिओत येत नसेल तर ते अॅप आधी फोटो लहान करतंय. मग त्या अॅपमध्ये झूम न करता फोटो आधीच कापून न्या.

आणि घाबरू नका, एडिट करताना छोट्या खिडकीत दिसणारं चित्र हे अंतिम चित्र नसतं. लॅपटॉप अडखळू नये म्हणून प्रोग्रॅम प्रिव्ह्यू कमी दर्जात दाखवतात. कितीतरी लोक तो अंधुक प्रिव्ह्यू बघून चांगल्याभल्या फोटोंवर शार्पनचे थर चढवत बसतात. आधी प्रिव्ह्यू ‘फुल’ करा, तरी शंका असेल तर तेवढाच तुकडा एक्सपोर्ट करून बघा.

फोटोवर नाव-साल लिहायचं असेल तर ते एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्येच लिहा, फोटोच्या फाइलमध्ये नको. म्हणजे झूम होताना अक्षरं ताणली जात नाहीत.

सहावी पायरी: हालचाल जपून

फोटो वेगाने सरकला की डोळ्याला तो पुसटच दिसतो, मग तो कितीही पिक्सलचा असो. सिनेमावाले एक ठोकताळा पाळतात: एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागावेत. घरच्या फिल्ममध्ये मी त्याहून कमी हालचाल ठेवतो. पाच-सहा सेकंदांत पाच ते दहा टक्के झूम पुरे. सुरुवात आणि शेवट मऊ करणारा ‘ईझ’ लावा. आणि प्रत्येक फोटो हलवायलाच हवा असं कुणी सांगितलंय? सगळं खानदान एका चौकटीत बसलेला ग्रुप फोटो तर अजिबात हलवू नका. लोक त्यात स्वतःला शोधत असतात. त्यांना आठ-दहा सेकंद शांतपणे बघू द्या.

सातवी पायरी: एक्सपोर्ट

पर्याय असे निवडा: एच-२६४, एमपी-४, १९२० × १०८०, प्रोग्रेसिव्ह. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा: यूट्यूब फुल एचडीसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सुचवतं, हॉल आणि टीव्हीसाठी मी १५ ठेवायला सांगतो. स्थिर फोटोला कमी बिटरेट पुरतो, पण एक फोटो विरघळून दुसरा येतो तेव्हा आणि पॅन चालू असतो तेव्हा पडद्यावरचं सगळंच बदलत असतं, तिथे कमी बिटरेटचे चौकोन दिसतात. स्थिर फोटोही दर काही सेकंदांनी किंचित धडधडल्यासारखा वाटला तर तेही कमी बिटरेटचंच लक्षण. १५ एमबीपीएसने पंधरा मिनिटांची फिल्म साधारण १.७ जीबी होते, म्हणजे व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायच्या २ जीबीच्या मर्यादेतही बसते. डीव्हीडी मात्र करू नका. तिच्यात ७२० × ५७६ पिक्सलच मावतात, आतापर्यंतची सगळी मेहनत वाया.

आठवी पायरी: हॉलमध्ये

आधी घरच्या टीव्हीवर पेन ड्राइव्हने लावून बघा. कडा कापल्या जात असतील तर टीव्ही चित्र ताणून दाखवतोय. पिक्चर सेटिंग्जमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो लावा. टीव्हीचा शार्पनेसही मध्यावर आणा, चेहऱ्यांभोवतीच्या रेघा जातील.

हॉलवर कार्यक्रमाच्या तासभर आधी पोचा, जेवणाची गडबड सुरू व्हायच्या आत. फिल्मच्या फाइलसोबत बारीक अक्षरं भरलेला १९२० × १०८०चा एक फोटो न्या आणि तो पडद्यावर लावून ऑपरेटरला फोकस करायला सांगा. चेहऱ्यावर फोकस नीट कळत नाही, अक्षरांवर लगेच कळतो. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत वाचता येतंय का बघा.

प्रोजेक्टर तिरका ठेवलेला असेल तर चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं आणि ऑपरेटर रिमोटवरून ‘कीस्टोन’ने ते चौकोनी करतो. कीस्टोनमध्ये प्रोजेक्टर अख्खं चित्र पुन्हा नव्याने लहान-मोठं करतो आणि इतक्या कष्टाने जपलेली धार तिथे जाते. ऑपरेटरदादांना विनंती करा, टेबल पडद्याच्या मध्यासमोर सरकवा, प्रोजेक्टर सरळ ठेवा आणि कीस्टोन शून्यावर आणा. लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडा आणि शक्यतो त्याचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनइतकं ठेवा. मग समोरचे दिवे बंद करायला कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी स्विच सापडत नाही.